लाकडी कौलांचे छप्पर व आगीचा धोका

देवदार, ओक, सीडार इत्यादींच्या पातळ फळकुटांनी शाकारलेले छप्पर. करवतीने कापलेल्या फळकुटास इंग्रजीत शिंगल, चिरून काढलेल्यास शेक म्हणतात. मराठीत कौल म्हटले की मातीचेच डोळ्यांसमोर येते. ‘लाकडी कौल’ ही संज्ञा येथे केवळ सोयीसाठी घेतली आहे.

रोमन लेखक थोरल्या प्लिनीने त्याच्या आधीचा रोमन इतिहासकार कॉर्नेलियस नेपोस याच्या आधारे लिहिले आहे की, ग्रीक राजा पिऱ्हस याच्याबरोबरच्या युद्धापर्यंत (इ. स. पू. २८०–२७५) रोमची छपरे ४७० वर्षे लाकडी कौलांची होती. हा आकडा नगरस्थापनेच्या पारंपरिक सनावरून काढलेला दिसतो; तो काटेकोर मानू नये. लंडनमध्ये १२१२ च्या आगीनंतर बोरू, गवत व पेंढा यांवर बंदी आली. पण मातीची कौले, शिसे यांच्याबरोबर लाकडी कौलांनाही मुभा राहिली. गवताच्या तुलनेत ती तेव्हा सुरक्षित गणली जात. ही बंदी हेन्री फिट्झ-एल्विन या पहिल्या महापौराच्या इमारतविषयक नियमांशी जोडून ११८९ इतकी मागे नेली जाते. मात्र ते नियम उत्तरकालीन प्रतींतून मिळतात आणि त्यांचा भर सामायिक दगडी भिंतींवर आहे. छपरापुरता १२१२ हाच सन धरणे बरे.

१६ इंची सीडारचे कौल खालच्या कडेला सुमारे १ सेंमी. जाड असते व वर निमुळते होत जाते. लाकूड कुजू नये म्हणून रिपा अंतर सोडून ठोकतात, म्हणजे खालून वारा खेळतो. हाच वारा पुढे ज्वाळेला मिळतो. उन्हापावसाने कौलाची कड वळते, फटींत वाळलेली पाने साचतात आणि उडत आलेला निखारा तेथे अडकून धुमसतो. शिवाय पेटलेली कौले हलकी व चपटी असल्याने वाऱ्याबरोबर दूरच्या छपरांवर जाऊन पडतात. आग मधली घरे ओलांडून पुढे जाते.

बर्कली (कॅलिफोर्निया) येथे १७ सप्टेंबर १९२३ रोजी ५८० हून अधिक इमारती अशाच जळाल्या. नंतर झालेला बंदीचा नियम मागे घेण्यात आला. ६ नोव्हेंबर १९६१ रोजी लॉस अँजेल्सच्या बेल एअर भागातील आगीत ४८४ घरे गेली, तरी त्या शहराने नव्या बांधकामात अशा छपरांना मनाई केली ती १९८९ मध्ये.

अमेरिकेत छपरांच्या अग्निरोधकतेच्या ए (सर्वोत्तम), बी, सी अशा प्रतवाऱ्या आहेत. चाचणीत छपरावर जळते लाकूड ठेवतात : ए साठी सुमारे २ किग्रॅ.ची जाळी, सी साठी १० ग्रॅ.हूनही हलका ठोकळा. प्रक्रिया न केलेले सीडार सी मध्येही बसत नाही. दाबाखाली अग्निरोधक रसायन मुरवल्यास बी किंवा सी प्रत मिळते. ए साठी खाली वेगळा थर लागतो. वरून नुसते फवारलेले रसायन पावसाने धुपते.

भारतात हिमालयाच्या पट्ट्यात देवदाराची अशी छपरे आढळतात. मनालीचे हिडिंबा मंदिर (१५५३) हे परिचित उदाहरण. तिकडच्या खेड्यांत घरे एकमेकांना खेटून असतात आणि हिवाळ्याचा चारा, सरपण घराजवळच रचलेले असते. महाराष्ट्रात कौलारू घर म्हणजे मातीच्या कौलांचे; तेथे जळतात ते वासे आणि रिपा.