बाहुलीघरातला गालिचा आला कुठून?

गौरीच्या आराशीत आता सांगलीत कुणाकुणाकडे पुठ्ठ्याचा छोटा वाडा दिसतो, ओसरीवर झोपाळा, माजघरात भातुकलीची पितळी भांडी आणि खाली क्रॉस स्टिचने, म्हणजे फुलीच्या टाक्याने, भरलेला इवलासा गालिचा. मला सगळ्यात जास्त आवडतो तो गालिचाच, आणि त्याचा इतिहास खूप लांबून येतो.

डॉलहाऊस आधी पोरींच्या खेळण्यातलं नव्हतंच. १५५७-५८ च्या सुमारास बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्तने एक करून घेतलं ते वैभव दाखवायला, पुढे १६८६ ते १७१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमानने स्वतःचं सजवलं, त्यावर तिने जवळजवळ खऱ्या घराएवढा पैसा घातला.

गालिच्याचं मूळ मात्र बर्लिनमध्ये. १८०४ च्या सुमारास तिथे चौकटीच्या कागदावर छापून हाताने रंगवलेले नमुने विकायला आले, एक चौकट म्हणजे एक टाका, त्यामुळे चित्रकला न येणारीलाही गुलाब भरता यायला लागला. आणि गालिचा तर मुळातच चौकटीत बसतो, कारण विणकरसुद्धा ओळीने एकेक रंगाची गाठच मारत जातो, म्हणून इराणी गालिच्याची खरी नक्कल क्रॉस स्टिचमध्येच होते, साखळी टाक्यात नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग मापाचं. १९२१ ते १९२४ मध्ये इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर झालं ते एडविन लुटियन्सचं, म्हणजे आपलं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं तेच. त्याचं माप १:१२, एक फुटाला एक इंच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न खोल्याही, म्हणजे सजवलेल्या चिमुकल्या खोल्या, बहुतेक याच मापाच्या आणि त्यातले कितीतरी गालिचे सुईने भरलेले आहेत. हौशी लोकांतही आज हेच माप जास्त चालतं.

हिशोब बघा, ५ बाय ३ फुटाची सतरंजी ५ बाय ३ इंचाची होते, कापड १८ काउंटचं, म्हणजे इंचाला १८ टाक्यांचं, घेतलं तर ९० गुणिले ५४ म्हणजे ४,८६० टाके! मॅटीच्या जाड कापडावर हे जमत नाही, नक्षीच मोठी दिसते. जाडीचंही तसंच, १ मिलिमीटर इथे म्हणजे खऱ्या घरात १२, म्हणून सहा पदरी दोऱ्यातला एखाददुसराच पदर घेऊन बऱ्याच जणी पूर्ण फुली न घालता अर्धाच टाका घालतात, गालिचा जमिनीला छान चिकटून बसतो.

मोजून भरणं आपल्याकडे नवं नाहीच. सांगली-मिरजेपासून कर्नाटक जवळ, तिकडचं कसुती भरतकाम इरकलीवर कापडाचे धागे मोजूनच भरतात, आधी काही छापायचं नाही, आणि कसुतीच्या चार टाक्यांतला मेंथी टाका तर सरळ आपली फुलीच. म्हणून वाड्यात दरवेळी इराणी नक्षीच कशाला, कसुतीतले हत्ती-मोर काठाला घ्या, फार सुंदर दिसतात. फक्त तिच्यातली तुळशीवृंदावनाची नक्षी नको, पायाखाली येईल.