बांध न मानणारे तण: अमेरिकेतील काउंटी आणि जमीनमालक यांच्या व्यवहाराची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जमीन विकायला काढली आणि तिच्यावर सरकारी यादीतले घातक तण असेल, तर विकणाऱ्याने ते खरेदीदाराला आधी सांगावे लागते. रस्ता खोदला, पाइपलाइन टाकली किंवा शेतजमिनीचे प्लॉट पाडले, तर उघडी पडलेली माती पुन्हा चांगल्या गवताखाली कशी आणणार, याचा आराखडा काउंटीच्या तण मंडळाकडे द्यावा लागतो. आपण सातबारा पाहताना बोजा पाहतो, वारस पाहतो, कूळ लागले आहे का ते पाहतो. तिथे तणही जमिनीबरोबर येणारी जबाबदारी म्हणून पाहिले जाते. ही समज तिथे रुजायला दोन शतके लागली, आणि त्यातला बराच काळ चुकीच्या उपायांवर गेला.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण वस्ती अगदी विरळ. मोंटानात ५६ काउंट्या आहेत. त्यांतल्या पेट्रोलियम काउंटीचे क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि राहणारी माणसे जेमतेम पाचशे. एवढ्या मोकळ्या रानात कुठे कोणते रोप उगवले, हे कार्यालयात बसून कळणे शक्य नाही. ते फक्त जमीनमालकाला दिसते, आणि तेही त्याला ते रोप ओळखता आले तरच. तण नियंत्रणाचा इतिहास मला एवढा महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की हे साधे सत्य पटायला सरकारांना फार उशीर लागला.

सुरुवात दंडापासून झाली. व्हरमाँट राज्याने १७९५ साली कॅनडा थिसल या काटेरी तणाविरुद्ध कायदा केला. अमेरिकेतला हा पहिला तण-कायदा मानला जातो. न्यूयॉर्कने १८३१ मध्ये तसेच केले आणि पुढे इतर राज्यांनीही तीच वाट धरली. आपल्या जमिनीतले थिसल फुलोऱ्यावर येण्याआधी कापा, नाहीतर दंड भरा, असा या कायद्यांचा साधारण रोख होता. हे तण मूळचे युरोपातले. त्याची मुळे जमिनीखाली आडवी पसरतात, आणि नांगराने तुकडे झाले की तुकड्यातुकड्याला नवा फुटवा येतो. आपल्याकडे हरळी किंवा कुंदा काढताना ज्यांची कंबर मोडली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकदा कापून न संपणाऱ्या तणासाठी एकदा कापण्याचा हुकूम काढून काय साधणार? शिवाय दंड करायचा तो गावातल्याच माणसाने, आपल्याच शेजाऱ्याला.

त्याच १७९५ साली हिंदुस्थानात एक वेगळी गोष्ट घडत होती. लाल रंग मिळावा म्हणून ब्राझीलमधून कोचिनील किडे आणले गेले, पण ते निघाले भलत्याच जातीचे. त्यांनी रंग दिला नाही, मात्र इथे माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. किडा सोडून तण मारता येते, हे जगाला प्रथम दिसले ते या चुकीतून. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या दुसऱ्या कोचिनील किड्याने दक्षिण भारतातल्या फड्या निवडुंगाचे मोठे क्षेत्र मोकळे केले. अमेरिकेतल्या काउंट्या या मार्गाकडे वळल्या त्या बऱ्याच नंतर.

मधल्या काळात पश्चिमेकडची गवताळ मैदाने नांगराखाली आली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. लोक बियाणे घेऊन आले आणि बियाण्यात तण आले. दक्षिण डकोटातल्या बॉन होम काउंटीत १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्याबरोबर रशियन थिसल उतरले. हे झुडूप वाळले की बुडापासून तुटते आणि वाऱ्यावर गडगडत जाते, वाटभर बी सांडत. मोठ्या झुडपात अडीच लाखांपर्यंत बिया असू शकतात. साधारण वीस वर्षांत ते कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचले. १८९४ साली केंद्रीय कृषी खात्याच्या लायस्टर ड्यूई यांनी या एकाच तणावर स्वतंत्र पत्रक लिहिले, इतकी घबराट माजली होती. पेटलेली झुडपे गडगडत जाऊन आगरोधक पट्टे ओलांडत, हाही धोका होता. त्या दशकातल्या दुष्काळात कित्येक जण जमीन सोडून गेले. मालकच नाही त्या शेतातले तण शेजारच्या गव्हात शिरत होते, आणि कायदा दंड वसूल करायला माणूस शोधत होता.

माझ्या मते खरे वळण आले ते कॅन्ससमध्ये, १९३७ साली. तिथला शत्रू होता फील्ड बाइंडवीड, म्हणजे आपल्या रब्बीच्या रानात गव्हाला विळखा घालणारी चांदवेलच. हिची मुळे काही मीटर खोल जातात आणि बी मातीत कित्येक दशके जिवंत राहते. त्या वेळी हाताशी असलेले उपाय जिवावर बेतणारे होते. सोडियम क्लोरेट हे रसायन फवारले तर जमीन दीर्घकाळ नापीक होई, आणि त्याने भिजलेले कपडे वाळल्यावर ठिणगीनेही पेट घेत. दुसरा उपाय म्हणजे पीक न घेता दर दोन-तीन आठवड्यांनी जमीन खालून कापत राहायची, तीही दोन-दोन वर्षे. महामंदी आणि धुळीच्या वादळांत सापडलेल्या शेतकऱ्याला हे एकट्याने परवडणे अशक्य होते. कॅन्ससच्या कायद्याने मालकावरची जबाबदारी कायम ठेवली, पण तिच्याबरोबर काउंटीचा पगारी तण अधिकारी दिला, कर लावून तण निधी उभारण्याची सोय केली, आणि पुढे औषध मालकाला सवलतीत देण्याची रीत पडली. आजही कॅन्ससमधल्या काउंटीच्या तण विभागातून शेतकरी कमी दरात तणनाशक नेतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी बाजारात आले. स्वस्त, गवताला धक्का न लावता रुंद पानांचे तण मारणारे हे औषध पाहून अनेकांना वाटले की प्रश्न सुटला. तो सुटला नाही. फवारणी थांबली की खोल मुळातून तण परत येई, आणि डोंगरउतारावरच्या हलक्या कुरणाची किंमतच फवारणीच्या खर्चापेक्षा कमी असे. उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ वीड या पिवळ्या फुलांच्या तणाने १९४० च्या दशकात वीस लाख एकरांहून अधिक कुरण व्यापले होते. ते खाल्लेल्या जनावरांची कातडी उन्हात भाजून निघे. तिथे ऑस्ट्रेलियातून आणलेले क्रायसोलिना भुंगे १९४५-४६ मध्ये सोडले गेले आणि दशकभरात तण अगदी किरकोळ उरले. हम्बोल्ट काउंटी या मोहिमेचे केंद्र होती. इतके साफ यश पुढे क्वचितच मिळाले.

मोंटानाचा प्रश्न जास्त अवघड होता. स्पॉटेड नॅपवीड हे जांभळ्या फुलांचे तण युरोपातून लसूणघासाच्या बियाण्यातून आणि जहाजे स्थिर ठेवायला भरलेल्या मातीतून आले असे मानतात. ते १८८३ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात नोंदले गेले, १९२० च्या दशकात मोंटानात दिसले आणि नंतर गाड्यांच्या चाकांना, वैरणीच्या गठ्ठ्यांना चिकटून सगळ्या काउंट्यांत पोहोचले. दुसरे तण लीफी स्पर्ज. हे आपल्या शेर-थोराच्या कुळातले. त्याच्या चिकाने गायीचे तोंड पोळते, म्हणून गायी ते टाळतात आणि आजूबाजूचे गवत खाऊन तणालाच जागा करून देतात. शेंग तडकली की बी काही मीटर लांब उडते. मूळ मात्र विहिरीच्या खोलीची आठवण व्हावी इतके खाली जाते.

याच पार्श्वभूमीवर मोंटानाच्या विधिमंडळाने १९८५ मध्ये घातक तण विश्वस्त निधी स्थापन केला. तणनाशकांच्या विक्रीवरचा अधिभार आणि वाहनांवरचे शुल्क, असे त्याचे सुरुवातीचे स्रोत होते. वाहनाने तण पसरते म्हणून वाहनधारकानेही वाटा उचलावा, हा हिशेब मला अतिशय न्याय्य वाटतो. या निधीतून शेजारी-शेजारी एकत्र येऊन केलेल्या कामांना अनुदान मिळते. नदीच्या एका खोऱ्यातले मालक, रेल्वे, राज्याची जमीन, वनखात्याची जमीन हे सगळे एका नकाशावर येतात. एकट्याच्या वीस एकरांत फवारून उपयोग नाही, हे पैशाच्या अटीतूनच समजावले जाते.

कायद्यातली सर्वांत शहाणी तरतूद जमीनमालकाच्या बाजूने आहे. घातक तण वाढू देणे मोंटानात बेकायदा आहे, पण मालकाने तण मंडळाला पटेल असा आराखडा दिला आणि तो पाळत राहिला, तर तण अजून शिल्लक असले तरी त्याने कायदा पाळला असे मानतात. म्हणजे ज्याच्या रानात तण आहे तो गुन्हेगार ठरत नाही. ज्याने काहीच करायचे नाकारले तो ठरतो. नोटिशीलाही दाद न देणाऱ्याच्या जमिनीत काउंटी स्वतः माणसे पाठवते आणि खर्च त्याच्या करात चढवते. हा शेवटचा मार्ग आहे. त्याआधी फोन, भेट, बांधावर उभे राहून बोलणे, सगळे होते.

या बोलण्याची परंपरा १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापर्यंत जाते. त्या कायद्याने कृषी विद्यापीठांची माहिती काउंटीतल्या कृषी प्रतिनिधीमार्फत शेतकऱ्यापर्यंत नेण्याची देशव्यापी व्यवस्था उभी केली. तण अधिकाऱ्यांनी तीच पद्धत उचलली: नमुना घेऊन या, ओळखून देतो. औषधाचे प्रमाण, फवारणीची वेळ आणि पंप कसा बेतायचा, हे शेतातच दाखवले जाते. शाळेतल्या मुलांसाठी तण उपटण्याचे दिवस असतात. लीफी स्पर्जची मुळे खाणारे छोटे भुंगे १९८० च्या दशकापासून सोडले गेले. ते जिथे चांगले वाढले त्या कुरणात उन्हाळ्यात शेतकऱ्यांना बोलावतात. लोक जाळीने भुंगे गोळा करतात आणि डब्यात भरून आपल्या रानात सोडायला नेतात. मेंढ्या-बकऱ्यांना स्पर्जचा चीक बाधत नाही, हे कळल्यावर मोंटानातल्या मिझूला शहराने माउंट जम्बो या टेकडीवर मेंढ्यांचा कळप चारायला सुरुवात केली. शेजारच्या माउंट सेंटिनलवर डायर्स वोड नावाचे तण इतके कमी उरले होते की माणसाच्या नजरेला सापडेना. तिथे वासावरून रोप शोधणारी प्रशिक्षित कुत्री फिरवली गेली.

१९९५ पासून मोंटानात वैरणीलाही तणमुक्तीचे प्रमाणपत्र मिळते. कापणीआधी तपासनीस शेत फिरून पाहतो. राष्ट्रीय वनांत घोडे नेणाऱ्याला अशीच वैरण न्यावी लागते. त्यामुळे शेत स्वच्छ ठेवणाऱ्याच्या मालाला वेगळे गिऱ्हाईक मिळाले. दंडाच्या भीतीने न झालेले काम यातून काही प्रमाणात झाले.

जमीनमालक म्हणून केंद्र सरकार स्वतः मात्र या कथेत बराच काळ गैरहजर होते. पश्चिमेत केंद्राच्या मालकीची जमीन अफाट आहे, आणि 'आमच्यावर नोटीस काढता, मग वनखात्याच्या कुंपणातून येते त्याचे काय', हा शेतकऱ्यांचा सवाल रास्त होता. १९६८ च्या कार्लसन-फोली कायद्याने केंद्रीय जमिनीवर राज्यांना तण नियंत्रणासाठी शिरण्याची आणि खर्चाची भरपाई मिळण्याची वाट दिली. केंद्राचा स्वतंत्र घातक तण कायदा १९७४ चा. कॅन्ससमधले उदाहरण तर बोचरे आहे. जमिनीची धूप थांबवायला सरकारी यंत्रणांनीच ज्या सेरिसिया लेस्पेडेझाचा प्रसार केला, तेच रोप १९८८ मध्ये काउंट्यांच्या मर्जीवर आणि २००० मध्ये राज्यभर घातक म्हणून जाहीर करावे लागले.

वाद आजही आहेत. नॅपवीडच्या फुलांवर मधमाश्यांचे चांगले पोषण होते, त्यामुळे ते संपवण्याची घाई मध उत्पादकांना नसते. सेंद्रिय शेती करणाऱ्याला रस्त्याकडेची फवारणी आपल्या बांधापाशी नको असते. तो काउंटीशी लेखी करार करून ती पट्टी स्वतः सांभाळू शकतो. आणि डोंगर पाहून वीस-तीस एकर घेणारे नवे शहरी मालक जांभळी फुले पाहून खूश होतात. त्यांना पहिल्याच वर्षी गाठणे, हे आता तण अधिकाऱ्याचे मोठे काम झाले आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध थेट आहे. गाजरगवत १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात लक्षात आले आणि ते अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे डकोटातल्या जवसासारखीच ही गोष्ट. शेजारच्या कर्नाटकाने १९७५ मध्ये त्याला कायद्याने घातक तण ठरवले. मेक्सिकन भुंगे १९८० च्या दशकात बंगळूरमार्गे देशात आले आणि आज पावसाळ्यात आपल्याकडेही गाजरगवताची पाने कुरतडताना दिसतात. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दर ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह होतो. कृषी विज्ञान केंद्रे आणि शाळा त्यात उतरतात. शेतातले गाजरगवत शेतकरी भांगलतोच. रस्त्याच्या कडेचे, रेल्वेलगतचे, गायरानातले आणि न बांधलेल्या प्लॉटवरचे कुणी काढायचे, त्याचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा आणि पेरणीआधी बांधावर येऊन हे कुणी बोलायचे, याची नेमून दिलेली जागा मात्र आपल्या गावकारभारात अजून नाही.