तुर्फान खालसा झालं, कुचा झालं नाही

चीनच्या तांग साम्राज्याच्या (सातवं ते नववं शतक) बहुतेक नकाशांत दुनहुआंगपासून काशगरपर्यंत एकच रंग फासलेला असतो, आणि ‘चीनचे पश्चिम प्रांत’ असं लिहून लोक मोकळे होतात. हे साफ चूक आहे. त्या एका रंगाखाली दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. तुर्फान हा खालसा केलेला मुलूख. कुचा, खोतान, काशगर ही राजगादी शाबूत ठेवलेली संस्थानं.

तुर्फानचं थोडक्यात उरकतो, कारण खालसा करणं म्हणजे काय हे आपल्याला डलहौसीपासून माहीत आहे. तिथल्या गाओचांग राज्यावर 640 मध्ये सेनापती होउ जुन्-जी चालून गेला. फौज पोचण्याआधीच राजा छ्यू वन्-ताय वारला आणि त्याचा मुलगा शरण आला. ह्युएनत्संगाला भारताच्या वाटेवर भरघोस मदत करणारा राजा तो हाच वन्-ताय. तायझोंग सम्राटाने राज्य मोडून शीझोउ जिल्हा केला, त्याचे पाच तालुके पाडले, शिरगणती करून जमिनी वाटल्या. तुर्फानजवळच्या अस्तानाच्या कबरींत प्रेतांच्या पायात कागदी जोडे सापडतात. ते सरकारी दफ्तरातल्या रद्दीतून कापलेले आहेत. उलगडले की गावची माणसं, त्यांची वयं, जमिनीचे तुकडे वाचता येतात. नियमाप्रमाणे प्रौढ पुरुषाला 100 मू (मू हे जमिनीचं चिनी माप) जमीन मिळायची. इथल्या मरूद्यानात ती 10 मूच्या आसपास भरे.

खरी गफलत कुचापाशी होते. 648 मध्ये तांगांचा सेनापती आशिना शर्-अरने कुचा घेतलं आणि राजाला पकडून राजधानीत नेलं. पण लगेच उठाव झाला, त्यात तांगांचा तिथला मुख्य अधिकारी गुओ श्याओ-को मारला गेला. 650 मध्ये त्याच कैदी राजाला परत गादीवर बसवावं लागलं. 658 मध्ये या पश्चिम मुलुखाची लष्करी कचेरी, आन्शी, कुचात आली, आणि राजाला ‘तूतू’ म्हणजे चिनी सुभेदाराचा किताब मिळाला. घोळ करणारा मुद्दा हा किताब आहे. कागदावर कुचा चिनी सुभा दिसतो, पण सुभेदार म्हणजे तिथला वंशपरंपरागत राजाच. अशा बहुतेक सुभ्यांच्या नोंदवह्या आणि वसुली राजधानीच्या महसूल खात्यापर्यंत पोचतच नसत. कर, वेठ, तंटे हे राजाची माणसं पाहत. भिंतीपलीकडे चिनी ठाणं.

इथे तैनाती फौज आठवावी, पण जपून. वसईच्या तहात किमान 6,000 पायदळापोटी दुसऱ्या बाजीरावाने 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. फौजेचा खर्च संस्थानानेच सोसला. कुचात उलट. स्थानिकांकडून धान्य आणि वेठ घेतली जाई, पण पगाराचं रेशीम हजारो किलोमीटरवरून, गान्सूच्या चिंचोळ्या पट्ट्यातून येई. आठव्या शतकाच्या मध्यावर आन्शीकडे 24,000 सैनिक आणि 2,700 घोडे होते. चीनने मरूद्यानं लुटून खजिना भरला, हे म्हणूनच मला अजिबात पटत नाही. मंत्री वेइ झंगने तर तुर्फान खालसा करतानाच बजावलं होतं: हजारावर शिपाई कायम ठेवावे लागतील, बदलीच्या वाटेवर दहातले तीन-चार मरतील, आणि बदल्यात चिमूटभर धान्यही मिळणार नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, हे 670 मध्ये दिसलं. तिबेटी फौजांपुढे कुचा, खोतान, काशगर आणि आणखी एक अशी चारही चिनी ठाणी सोडावी लागली तेव्हा आन्शीची कचेरी हटून शीझोउला, म्हणजे तुर्फानला आली. मांडलिक मुलूख हातचा गेला, खालसा जिल्हा राहिला. सेनापती वांग श्याओ-ज्येने 692 मध्ये ठाणी परत मिळवली आणि मग 30,000 सैनिक तिथे कायमचे बसवले, पण राजे काढले नाहीत. 756 मध्ये तांगांचाच सेनापती आन् लू-शान याच्या बंडात खोतानचा राजा 5,000 सैनिक घेऊन सम्राटाच्या मदतीला स्वतः गेला. जिल्हाधिकारी असा स्वतःच्या सैन्यानिशी जात नाही.

चौथं ठाणं सुयाब की काराशहर, यावरही वाद घालतात. 679 ते 719 सुयाब, त्याआधी आणि नंतर काराशहर. त्यात अधिक काही नाही.

शंका असेल तर भारतातून परतणाऱ्या वू-खोंग भिक्षूची नोंद पाहावी. 780 च्या दशकाच्या शेवटी त्याने खोतानात राजा युची याओ आणि ठाण्याचा अधिकारी, कुचात राजा बाय हुआन आणि सेनापती गुओ शिन, अशी दोन-दोन नावं लिहिली. उत्तरेच्या बेइतिंग या चिनी लष्करी ठाण्याला पोचल्यावर मात्र एकट्या चिनी सेनापतीचं नाव येतं. तिथे राजा नव्हताच.