गुदाशयाच्या गाठीतील जनुकीय विविधता

गुदाशयाच्या कर्करोगात एकाच गाठीतल्या सगळ्या कर्कपेशींची जनुके तंतोतंत सारखी नसतात. एका कडेच्या पेशींत सापडलेले उत्परिवर्तन (जनुकातला बदल) दुसऱ्या कडेला नसू शकते आणि स्नायूच्या थरात शिरलेल्या भागात तिसरेच काही दिसू शकते. दोन रुग्णांच्या गाठींतला फरक वेगळा. इथे विषय एकाच माणसाच्या एकाच गाठीचा आहे.

कर्करोग एका पेशीपासून सुरू होतो, तिच्या वंशात नवे बदल होत जातात आणि त्यांतल्या तगणाऱ्या पेशी फोफावतात, असे पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडले. मोठ्या आतड्यासाठी एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये बदलांचा क्रम सुचवला: आधी एपीसी जनुक बिघडते, मग केरास, पुढे टीपी५३. असे सुरुवातीचे बदल बहुधा गाठभर सापडतात. त्यांना खोड म्हणतात. नंतरचे बदल काही पेशीसमूहांपुरतेच राहतात, त्या फांद्या. २०१५ मध्ये आलेल्या ‘महास्फोट’ प्रतिमानानुसार गाठ अगदी लहान असतानाच अनेक उपक्लोन (सारखे बदल असलेले पेशीसमूह) तयार झालेले असतात आणि ते एकमेकांत मिसळून वाढतात.

व्यवहारात अडचण येते ती बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या, चिमट्यापाशी. शौचातून रक्त पडले की मूळव्याध समजून घरगुती औषधे घेत राहण्याची सवय गोव्यात काय, सिंधुदुर्गात काय, सगळीकडेच आहे. अशात सत्तरीचा किंवा दोडामार्गचा रुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पोचेपर्यंत गाठ बरीच वाढलेली असू शकते. दुर्बिणीतून घातलेला चिमटा मात्र पोकळीकडच्या पृष्ठभागाचे काही मिलिमीटरचे तुकडेच तोडतो. ते फॉर्मलिनमध्ये टाकतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि ठोकळ्याच्या अतिशय पातळ चकत्या काचपट्टीवर घेतात. कर्कपेशी दाट असलेल्या जागेभोवती पॅथॉलॉजिस्ट खूण करतात आणि तेवढाच भाग खरवडून डीएनए काढला जातो. गाठ ज्या बाजूने खोल शिरत असते, तो भाग या तुकड्यांत क्वचितच येतो.

आकडेही जपून वाचावे लागतात. समजा, नमुन्यात ६०% कर्कपेशी आहेत आणि बाकीच्या निरोगी. गुणसूत्रांची संख्या नेहमीसारखी असेल आणि प्रत्येक कर्कपेशीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली असेल, तर अहवालात त्या उत्परिवर्तनाचे प्रमाण, म्हणजे जनुकाच्या एकूण प्रतींतला बदललेल्या प्रतींचा वाटा, ३०% येईल. निम्म्याच कर्कपेशींत बदल असेल तर १५%. म्हणून नमुन्यातील कर्कपेशींचे प्रमाण दिलेले नसेल, तर नुसत्या १५% वरून बदल खोडातला की फांदीतला हे सांगता येत नाही.

उपचारांच्या दृष्टीने विविधता किती आहे यापेक्षा औषधाचे लक्ष्य कुठे आहे याला जास्त महत्त्व द्यायला हवे. पसरलेल्या रोगात सेटुक्सिमॅब हे कर्कपेशींच्या वाढीचा संदेश अडवणारे औषध देण्याआधी केरास आणि एनरास ही जनुके तपासतात, कारण ती बदललेली असतील तर औषधाचा उपयोग होत नाही. बदल फक्त एखाद्या लहान उपक्लोनमध्ये असेल तर तपासणीत तो निसटतो, औषधाने बाकीच्या पेशी मरतात आणि तोच उपक्लोन वाढून वर येतो. उलट डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींत उत्परिवर्तने पुष्कळ असतात, विविधताही मोठी असते; पण मूळ बिघाड सहसा खोडातला, म्हणजे गाठभर पसरलेला असतो. अशा गुदाशय-कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांची गाठ केवळ डोस्टार्लिमॅब या रोगप्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधाने पूर्णपणे दिसेनाशी झाल्याचे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. या गाठी गुदाशयात थोड्याच असतात. तरी प्रत्येक नव्या रुग्णात डीएनए-दुरुस्तीच्या बिघाडाची तपासणी व्हायलाच हवी. दुरुस्ती करणाऱ्या चार प्रथिनांच्या रंजन-चाचणीने (रंग देऊन प्रथिने आहेत का ते पाहून) ती साध्या ठोकळ्यावरच होते.

बाकीच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेआधी रेडिएशन आणि केमोथेरपी दिली जाते. त्यातून वाचलेल्या पेशींचे मिश्रण आधीच्यासारखेच राहील असे नाही. शिवाय उपचारानंतर कर्कपेशी तंतुमय ऊतकात विखुरलेल्या उरतात, त्यामुळे पुरेसा डीएनए मिळवणे कठीण होते. म्हणून पहिल्या बायोप्सीचे एकाहून अधिक तुकडे, गाठीच्या वेगवेगळ्या बाजूंचे, घेतलेले बरे. मेणाचा ठोकळा साध्या तापमानात वर्षानुवर्षे टिकतो. पुढे मुंबईला किंवा अन्यत्र उपचार घ्यायचे ठरले तर तो सोबत नेता येतो. रक्तात फिरणाऱ्या कर्क-डीएनएच्या तपासणीत गाठीच्या अनेक भागांचे अंश एकत्र सापडू शकतात, मात्र लहान गाठीतून रक्तात येणारा डीएनए फारच थोडा असतो.