जीपचे दार कापडाचे होते, ते पाइपाचे कसे झाले

जुन्या जीपला, महिंद्राच्या एमएम ५४०ला किंवा पहिल्या थारला पाइपाची हलकी, उचलून काढता येणारी दारे बसवून घेणारे आता यवतमाळ-चंद्रपूरकडच्या तालुक्यांतही भेटतात. ही नवी हौस वाटते, पण तशी ती नाही. जीपची बॉडी मुळात दाराशिवायच आखलेली होती. ती तशी का आखली हे कळले, की दार किती वजनाचे असावे याचा निम्मा हिशेब तिथेच सुटतो.

११ जुलै १९४० रोजी अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे धाडून हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. चारही चाकांना ओढ हवी आणि नमुना ४९ दिवसांत हवा, अशी अट होती. वजनाची पहिली मर्यादा १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. ती कोणालाच जमण्यासारखी नव्हती, म्हणून पुढे २१६० पौंडांवर, सुमारे ९८० किलोंवर आली. विलीज कंपनीचा नमुना त्याहीपेक्षा शंभरावर किलो जड भरला. कंपनीचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी इंजिनाला हात लावला नाही, उरलेली गाडी सुटी करून एकेका भागाचे वजन उतरवले, बोल्टांची जादा लांबीसुद्धा छाटली. जिथे बोल्टाचे टोक जड होते, तिथे लोखंडी दार कुठून येणार? बाजूचा पत्रा खोलगट कापला, उघड्या जागेत आडवा पट्टा ताणला आणि पावसा-थंडीसाठी कापडी पडदे दिले. दाराचा भार पेलणारा खांब त्या बॉडीत ठेवलाच नाही. पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुरू होतात.

युद्धानंतर १९४५ मध्ये शेतीकामासाठी म्हणून सीजे-२ए ही विलीजची नागरी जीप आली. भारतात महिंद्राने १९४७ पासून जीप जुळवायला घेतली, आणि पुढे उंच बोनेटची सीजे-३बी हीच आपल्याकडची ‘जीप’ ठरली. तिचे दार म्हणजे सळईची चौकट, तिच्यावर शिवलेला कॅनव्हास आणि वर प्लास्टिकची खिडकी. चौकटीच्या पिना बॉडीवरच्या खोबणीत वरून सोडायच्या, नको असेल तेव्हा दार उचलून मागे टाकायचे. आजच्या पाइपाच्या दाराची मूळ कल्पना हीच आहे.

२ ऑक्टोबर १९५२ला समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप गटविकास कचेऱ्यांच्या दारात आली. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, वनखात्याच्या गाड्या मेळघाटात आणि चांद्याच्या जंगलात फिरू लागल्या. विदर्भाच्या हवेने मात्र कापडी दारांना टिकू दिले नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन, त्यामागून जूनचा पाऊस. शिवणीचा दोरा कुजायचा, प्लास्टिक पिवळे पडून घडीवर तडकायचे, चेनमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळला की ती हलायचीच नाही. कापड फाटले की लोक पत्र्याकडे वळायचे.

१९८५ मध्ये एमएम ५४० आली, खासगी मालक वाढले, आणि बॉडीवाल्यांकडून पत्र्याची पूर्ण दारे बसवून घेणे नेहमीचे झाले. काळी-पिवळीवाल्यांचे गणित उलटे होते: चढ-उतार पटापट व्हावी म्हणून त्यांनी दारे काढूनच टाकली. १९८५च्याच डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या फाटकांवर पर्यटकांच्या ओळखीची झाली ती हीच गाडी, हूड उतरवून मागे उंच बाके बसवलेली. जंगलात उतरायला बंदी असल्याने तिथे दार काढण्याची गरजच पडत नाही.

पत्र्याच्या दाराने जीपचे काय केले, हे आकड्यांतच पाहावे. एका दाराचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर धरले, तर ०.९ मिलिमीटर पत्र्याचे दोन थर ११ किलोंवर जातात. त्यात अँगलची चौकट, काच आणि लॉक धरले की २० किलो सहज होतात. दाराचा वजनमध्य बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर असतो, आणि जीपच्या बुटक्या बाजूवर दोन बिजागऱ्यांत ३० सेंटिमीटरच अंतर मिळते. म्हणजे गाडी उभी असतानाच वरची बिजागरी पत्र्याला सुमारे २७ किलोंनी बाहेर ओढते आणि खालची तितक्याच जोराने आत दाबते. पांदणीच्या खड्ड्यात हा ताण दुपटी-तिपटीने वाढतो. खांब नसलेला पत्रा आधी बोल्टभोवती फुगतो, मग भोकापासून चीर धरतो. दार लोंबले की लोक लॉक खाली सरकवून घेतात. दुखणे बिजागरीमागच्या पत्र्यात असते, म्हणून पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडते. हेच दार ६ किलोंचे केले, तर वरचा ओढा ८ किलोंवर येतो. हलके दार करण्याचे खरे कारण हे आहे, दिसण्याची बाब नंतरची.

अमेरिकेत १९७६च्या सीजे-७ जीपला लोखंडी दारांचा पर्याय मिळाला. पुढे जीपच्याच रँग्लर गाडीची दारे पिनांवरून उचलून काढता येऊ लागली. डोंगरवाटांवर ती घरी ठेवून जाणाऱ्यांसाठी नुसत्या पाइपाची अर्धी दारे बाजारात आली. २०१८च्या रँग्लरमध्ये तर कंपनीनेच दारे ॲल्युमिनियमची केली. आपल्याकडे २०१०ची थार कापडी हूड आणि कापडी दारे घेऊन आली, त्यामुळे पत्रा की पाइप हा जुनाच प्रश्न नव्या मालकांपुढे उभा राहिला. २०२०च्या थारची गोष्ट वेगळी. तिच्या दारांत काचेची मोटर आणि वायरी आहेत, आरसेही दारांवरच आहेत. ती दारे बदलण्याच्या फंदात पडू नये.

आता बांधणीकडे. चौकटीला २५ मिलिमीटर व्यासाचा १६ गेज (सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा) ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून जोड वेल्ड केलेला पाइप घ्यावा. मीटरला ९४० ग्रॅम भरतो, एका दाराला चार मीटर पुरतो. नळाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त वाटला तरी घेऊ नये. तो जड असतो, आणि जस्ताचा धूर वेल्डरला तापाने पाडतो. पुठ्ठ्याचा साचा डाव्या आणि उजव्या बाजूचा वेगळा कापावा, कारण जुन्या बॉडीच्या दोन्ही बाजू कधीच सारख्या नसतात. चहूबाजूंनी १० ते १२ मिलिमीटर फट सोडावी. एक चाक बांधावर चढले की बॉडी पिळते, फट कमी असेल तर दार तिथेच अडकून बसते. तिरपा आधार खालच्या बिजागरीपासून वरच्या लॉककडे जावा, म्हणजे तो दाबाखाली राहून दाराचे टोक उचलून धरतो.

सगळ्यात जपून करायचे काम बिजागरीचे. बॉडीकडे १२ मिलिमीटरची उभी पिन, दाराकडे तिच्यावर बसणारी नळी. दोन्ही नळ्या वेल्ड करताना त्यांतून एकच सरळ सळई आरपार घालून ठेवावी. रेषा जराशी चुकली तरी दार जड फिरते आणि उचलताना रुतते. खालची पिन वरचीपेक्षा १५ मिलिमीटर लांब ठेवली, तर दार आधी खाली बसते आणि मग वर, दोन्ही भोके एकदम जुळवत बसावे लागत नाही. दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर मिळत असेल तर ते सोडू नये. पत्र्यामागे ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी देऊन ८ मिलिमीटरचे बोल्ट नायलॉक नटाने (आत नायलॉनचे कडे असलेल्या, हादऱ्याने न सुटणाऱ्या) कसावेत. पिनेला ग्रीस लावू नये. आपल्या धुळीत त्याची पॉलिश पेस्ट होते आणि पिन झिजते, नायलॉनचा बुश कोरडाच बरा. खालच्या पिनेला भोक पाडून आर-क्लिप (इंग्रजी R आकाराची तारेची क्लिप) घालावी, नाहीतर मोठ्या खड्ड्यात दार उडून बाहेर येते.

१६ गेजवर ३.१५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड धरला की पाइपाला भोक पडते. २ किंवा २.५ मिलिमीटरचा रॉड, कमी करंट, आणि समोरासमोर टाके घालत पुढे जायचे, म्हणजे चौकट एका अंगाला ओढली जात नाही. खालच्या आडव्या पाइपाला तळाशी ५ मिलिमीटरचे भोक ठेवावे. वेल्डच्या बारीक छिद्रातून शिरलेले पाणी बाहेर पडले नाही तर पाइप आतून गंजतो, आणि वरचा रंग चकचकीत असल्याने ते कळतही नाही. मधल्या जागेत कॅनव्हास आयलेट (कापडाच्या भोकात बसवलेल्या धातूच्या कड्या) आणि दोरीने ताणावा. फाटला तर गावातला शिंपी तासाभरात बदलून देतो. दार ७० अंशांपलीकडे उघडू नये म्हणून २५ मिलिमीटरचा नायलॉन पट्टा लावावा.

पाइपाचे दार अपघातात बाजूने बसणारा मार थोपवत नाही. ते अंगाला आणि पायाला बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. सीटबेल्ट हवाच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल चालत नाही. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून बॉडी कापू नये, तिच्यावर वेल्ड करू नये. सगळे बोल्टवर ठेवावे, मूळची कापडी दारे जपावीत, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. आरसे दारावर नकोत. २०२१च्या फोर्ड ब्रॉन्कोत कंपनीने ते बॉडीवरच बसवले, दार काढले तरी आरसा जागेवर राहतो. जीपला तो काचेच्या फ्रेमच्या खालच्या बोल्टावर पट्टी देऊन बसवता येतो. पट्टी ५ मिलिमीटर जाडीची घ्यावी, पातळ पट्टीवर आरसा थरथरतो आणि मागचा ट्रक दिसत नाही.