दुनळी बंदुका, जुन्या : नूतनीकरण व मूळ रूप

छऱ्याच्या जुन्या दुनळी बंदुकांची झिलई, रंग व लाकूडकाम नव्याने करणे आणि काळाने आणलेले रूप तसेच राखणे, अशा दोन परस्परविरोधी प्रथा. ‘जुनी’ या शब्दाची मर्यादा सैल आहे. साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत लंडन, बर्मिंगहॅम, लिएज (बेल्जियम) आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात बनलेल्या, मागून काडतूस भरायच्या बंदुका येथे अभिप्रेत आहेत. ठासणीच्या बंदुकांचे प्रश्न थोडे वेगळे आहेत.

इंग्लंडमध्ये बंदूक हे मुख्यतः वापरायचे साधन मानले गेले. फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारीला संपला की बंदूक बनवणाऱ्याकडे परत पाठवायची, त्याने ती खोलून साफ करायची, सैल झालेला सांधा घट्ट करायचा आणि गरजेप्रमाणे नळ्या पुन्हा काळ्या करायच्या, हा तेथील रिवाज. पर्डी (स्थापना १८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५) यांसारखी घराणी टिकून असल्याने मूळ कारखान्यातच झालेली डागडुजी तेथे कमीपणाची मानत नाहीत. अमेरिकेत पार्कर, फॉक्स, एल. सी. स्मिथ या दुनळ्यांचे मूळ कारखाने उरले नाहीत (पार्करचा व्यवसाय १९३४ मध्ये रेमिंग्टनने घेतला). परत पाठवायला दारच नसल्याने तेथील संग्राहकांनी मूळ झिलईचे उरलेले प्रमाण हाच किमतीचा निकष केला. दोन्ही देशांतील मतभेदाचे कारण पुष्कळदा अभिरुचीत शोधले जाते. ते कारखान्यांच्या आयुर्मानात असणे अधिक संभवनीय वाटते.

दमास्कस नळ्या : नूतनीकरणाच्या चर्चेत सर्वाधिक गोंधळ या नळ्यांविषयी आहे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, ठोकून सळ्या करतात. त्या पिळून गजाभोवती गुंडाळतात व सांधे ठोकून एकजीव करतात. घासून तेजाब लावल्यावर पिळांची नक्षी उमटते. दख्खनमधील मुशीत बनणाऱ्या वुट्झ पोलादाच्या (तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र) तलवारींवर दिसणारा जौहर (पात्यावरची लहरदार नक्षी) मात्र धातू सावकाश थिजताना आतच तयार होतो. एकच नाव दोन्हींना पडल्यामुळे युरोपीय नळ्या वुट्झच्या असल्याचा समज पसरला. तो चुकीचा आहे.

पिळाच्या नळ्यांचा उगम वादग्रस्त आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धांत युरोपच्या हाती लागलेल्या तुर्की नळ्यांवरून तेथील कारागीर ही कला शिकले, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे घोड्याच्या नालांच्या जुन्या खिळ्यांचे तुकडे एकत्र ठोकून नळी करण्याची इंग्लंडमधील रीत हीच तिची जननी होय. पिळून गुंडाळण्याचे तंत्र स्थानिक आणि नक्षीची हौस पूर्वेकडची, असा मेळ घातल्यास उपलब्ध पुराव्याशी विसंगती येत नाही. भारतातील तोडेदार (पेटत्या वातीने उडवायच्या) बंदुकांच्या कित्येक नळ्याही पिळाच्याच असल्याने हा प्रश्न केवळ युरोपचा राहत नाही. लिएजजवळील वेस्द्र नदीच्या खोऱ्यात या नळ्यांचा मोठा धंदा होता. १९१४ च्या जर्मन आक्रमणानंतर तो जवळजवळ संपला.

दमास्कस नळी मुळातच धोक्याची, हे मत सरसकट ग्राह्य नाही. बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसने (जादा दाबाची चाचणी घेऊन नळ्यांवर शिक्का मारणारी संस्था) १८८८ च्या सुमारास घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत तीन सळ्यांची इंग्रजी लॅमिनेटेड (दमास्कससारखीच पिळलेल्या सळ्यांची) नळी अव्वल ठरली, अशी नोंद बंदूककार ग्रीनर याने केली आहे. मात्र त्या नळ्या नव्या होत्या. शंभर वर्षे गंज खाल्लेल्या नळीला तो दाखला लागू करता येत नाही. शिवाय स्वस्त मालात साध्या पोलादावर तेजाबाने खोटी नक्षी उठवलेली असे. नूतनीकरणासाठी घासताच ती नाहीशी होते आणि मालकाला उशिरा उलगडा होतो.

रंग व लाकूड : नळ्यांची अस्सल काळसर निळाई मंद गंजाची असते. आम्लमिश्रण लावून दमट पेटीत लाल गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, तारेच्या बारीक ब्रशने झाडायचा आणि हेच अनेकदा करायचे. कॉस्टिक क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या कुंडातील झटपट निळाई एकनळीला चालते, दुनळीला घातक ठरते. दोन नळ्यांमधील पट्ट्या शिसे-कथिलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. डाक त्या तापमानाला वितळत नाही. क्षार त्याला खातात, पट्टीखाली अडकतात आणि आतून गंज सुरू होतो.

नळ्या ज्यात बसतात त्या पोलादी सांगाड्यावरील ढगाळ रंग हाडे व लाकूड यांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवल्याने येतात. तीच क्रिया पृष्ठभाग कठीण करते. हे पुन्हा करताना सांगाडा वाकण्याची भीती असते. नुसत्या ज्योतीने रंग आणणे ही निव्वळ फसवणूक होय. त्याने पूर्वीचा कठीण थरही नरम पडू शकतो. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल व लालीसाठी रतनजोतीचे मूळ वापरत. दस्ता खरवडून नवा केला की लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली जाते. जाणकार प्रथम तेथेच बोट फिरवतात.

प्रूफ : खरी मर्यादा येथे आहे, रूपाचा वाद दुय्यम. लंडनच्या बंदूककार मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतील रुंदीचे माप) नळीचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच असतो. आतून घासून खड्डे काढताना तो सुमारे ०.०१० इंचाने वाढला, तर १९५४ च्या नियमांतील शिक्का बाद ठरतो व ब्रिटनमध्ये फेरचाचणीशिवाय विक्री करता येत नाही. भिंतीची जाडी ०.०२० इंचाखाली गेलेली नळी धंद्यात संशयास्पद मानतात. आरशासारखी चकचकीत नळी म्हणजे चांगली नळी नव्हे. अडीच इंची काडतुसाचे घर पावणेतीन इंची करणे हाही असाच परत न फिरणारा बदल.

भारत : संस्थानिकांच्या शस्त्रागारांमुळे आणि कलकत्त्याच्या मँटन, रॉडा यांसारख्या विक्रेत्यांमुळे (रॉडाच्या मालातील माउझर पिस्तुले क्रांतिकारकांनी १९१४ मध्ये पळवली) इंग्रजी दुनळ्या येथे बऱ्याच आल्या. कोकणात व गोव्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुकांना दमट हवेचा त्रास मोठा. गंज प्रथम पट्टीखाली व पुढच्या लाकडाखाली धरतो. कायद्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, परंतु दुरुस्ती करूनही वा न करताही त्याचा अग्निशस्त्र म्हणून वापर होऊ शकत नसेल तरच. भिंतीवरची जुनी बंदूक दुरुस्त होण्याजोगी असणे, एवढ्यानेही ही सूट हुकू शकते.