ऑनलाइन फसवणुकीची लक्षणे (ग्रामीण विदर्भ)

फोन, संदेश किंवा बनावट संकेतस्थळावरून ग्राहकाचे पैसे लाटण्याचा डाव ज्यावरून ओळखू येतो त्या खुणा. ग्रामीण विदर्भात लॉटरीच्या आमिषापेक्षा खरोखर येणे असलेल्या पैशाचे नाव पुढे करणारा डाव जास्त धोक्याचा. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, पीकविमा, सौर पंप यांची वाट घरोघरी पाहिली जातेच. त्यात खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर हात आखडलेला.

सौर पंपाचे प्रकरण सर्वांत अवघड. ‘पैसे मागितले की खोटे’ हा नियम इथे लागू पडत नाही, कारण ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला खरोखरच दहा टक्के हिस्सा (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के) भरावा लागतो. पाहायचे ते पैसे कुठे जातात. महावितरणच्या पोर्टलऐवजी कुणाच्या खासगी खात्यात किंवा क्यूआर कोडवर ‘नोंदणी फी’ मागितली, तर तो डाव समजावा. कुसुम या केंद्राच्या सौर पंप योजनेच्या नावाच्या बनावट संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेही सूचना काढल्या आहेत.

दुसरी खूण फाईलची. हप्ता किंवा केवायसीच्या नावाची, शेवटी ‘एपीके’ असलेली (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, आणि तीही ओळखीच्या नंबरावरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. ती टाकून घेताना संदेश वाचण्याची परवानगी मागते. दिली की ओटीपी परस्पर पलीकडे जातो. त्यामुळे ‘आपल्या सरपंचानेच पाठवली’ एवढ्यावर विसंबता येत नाही.

बाकीच्या खुणा सरळ आहेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही; ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, असा प्रकार कायद्यात नाही. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापू’ असा संदेश साध्या मोबाईल नंबरावरून आला, तर तो महावितरणचा नसतो. जिथे लाईन तशीही रोज जाते, तिथे या धमकीला कुणी भिऊ नये. पण लोक भितात.

पैसे गेल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून लगेच बँकेलाही कळवतात. इथे वेळेला किंमत आहे: रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे.